गुरुवारी मी जिना उतरले नाही

माझ्या हातून किती बाळंतपणं झाली, हे लोक मला हौसेनं विचारतात. लग्नाकार्यात एखादी बाई पुढं येते, शेजारच्या उंच मुलाला म्हणते, "ह्यांच्या हातावर झालाईस बघ तू. पाया पड." मुलगा लाजत वाकतो. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच दवाखान्यात मी आणखी एक काम केलं. कायद्यानं, सरकारी परवान्यानं केलं. त्या कामातल्या बायका रस्त्यात दिसल्या तर ओळख देत नाहीत, मीही देत नाही. तसंच ठरलेलं होतं. दिवाळी अंकासाठी नर्सच्या गमतीजमती लिहून द्या, असा मला निरोप होता. चार पानं तशी लिहिली, वाचली आणि फाडून टाकली. आता हे लिहिते आहे. छापायचं की नाही ते संपादकांनी ठरवावं.

मी गारगोटीजवळच्या एका खेड्यातली. शेतकऱ्याची मुलगी. मिशनच्या इस्पितळात शिकले आणि पहिली नोकरी दूरच्या एका सरकारी रुग्णालयात केली. तेव्हा गर्भपाताचा कायदा नव्हता. बायकांच्या वॉर्डात शेवटच्या चार खाटा असायच्या, त्यांना आम्ही 'भिंतीकडच्या' म्हणायचो. गावातल्या कुणा बाईकडं, कुणा वैदूकडं जाऊन आलेल्या बायका तिथं असत. ताप, दुर्गंधी, धनुर्वात. नातेवाईक सांगत, "विहिरीवर पाय घसरला." डॉक्टर लिहून घेत. बायका येतच उशिरा, कारण खरं सांगितलं तर पोलीस येतील ही भीती. माझ्याच वयाची एक होती, तीन मुलांची आई. पहाटेपासून काही बोलली नव्हती. दुपारी मी तिचं तोंड पुसत होते तेव्हा म्हणाली, "शिष्टर, आता मला कोण रागं भरनार न्हाय न्हवं?" मी नाही म्हटलं. चहाच्या वेळेला ती गेली.

म्हणून कायदा झाला तेव्हा मला आनंद झाला. साधा, भाबडा आनंद. मला वाटलं, भिंतीकडच्या खाटा आता रिकाम्या होणार.

कोल्हापुरात मी आले ती शाहूपुरीतल्या एका खासगी प्रसूतिगृहात. डॉक्टर बाई होत्या. त्यांचं नाव लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. आम्ही सगळे त्यांना 'बाई' म्हणायचो. पन्नाशीच्या, ठेंगण्या, जाड चष्म्याच्या. बोलणं तोडून. खाली पंप-मोटारींचं दुकान, वर आमच्या सहा खाटा आणि मध्ये एकच लाकडी जिना. मागचं दार नव्हतं. हे पुढं आम्हाला फार महागात पडलं.

कायदा आल्यावर बाईंनी परवाना काढला आणि चौकटीत घालून भिंतीवर लावला. बाहेरच्या लोकांना वाटतं, असल्या ठिकाणी फसलेल्या कुमारिकाच येत असतील. तसं नव्हतं. येणाऱ्या बहुतेक चार-पाच मुलांच्या आया. गळ्यात काळी पोत, कडेवर धाकटं, पोटात पुढचं. "आता न्हाई सोसत बाई," एवढंच त्यांचं म्हणणं. काम फार मोठं नसे. तिसऱ्या महिन्याच्या आत आली तर सकाळी यायची, संध्याकाळच्या एस.टी.नं परत जायची. कागदावर सही किंवा अंगठा तिचाच. वयात आलेल्या बाईला नवऱ्याची परवानगी लागत नाही, हे तिला सांगितलं की ती आमच्याकडं असं बघायची, जणू आम्हीच तिला फसवतोय. एक शिक्षिका भलतंच नाव सांगून आली होती. दोनदा त्या नावानं हाक मारली तरी ओ देईना. शेवटी रडता रडता हसली आणि म्हणाली, "सिस्टर, हे माझ्या वर्गातल्या एका द्वाड मुलीचं नाव आहे हो."

सगळ्यांची नावं एका रजिस्टरात असत. लाल कापडी पाठीचं ते रजिस्टर कायद्यानं गुप्त. बाई ते स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवत. किल्ली त्यांच्याकडं आणि माझ्याकडं.

आणीबाणीपर्यंत आमचं बरं चाललं होतं. मग नसबंदीची मोहीम आली आणि लोकांच्या मनात सगळे दवाखाने एक झाले. आणीबाणी उठली तसा तो राग बाहेर पडला. राग खरा होता, मी नाही म्हणत नाही. पण सरकारी गाड्या, साहेब हे लांब होते आणि आमचा जिना रस्त्यावर होता. शहरात एक साप्ताहिक निघायचं, चार पानांचं. त्याचा संपादक पूर्वी बाईंकडं एकदा येऊन गेला होता. त्याला आमच्याकडं येणाऱ्या 'मोठ्या घरच्या' बायकांची नावं हवी होती. बाईंनी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं. आता त्याला संधी मिळाली. 'शाहूपुरीतला कत्तलखाना' असा मथळा घालून तो दर आठवड्याला लिहू लागला.

समोर सायकलीचं दुकान होतं. त्याच्या बाकावर चार-पाच जण सकाळपासून बसू लागले. ती तालमीतली पोरं नव्हती. तालमीतला वस्ताद असल्या कामाला पोरं देत नाही. ही रिकामी माणसं होती, संपादकानं जमवलेली. जिन्याकडं बाई वळली की एक जण मोठ्यानं ओरडायचा, "पावणं, कितवा म्हयना?" बाकीचे हसायचे. दुसरा विचारायचा, "गाव कुठलं? मालकास्नी ठावं हाय न्हवं?" जिन्याच्या पायऱ्यांवर शेण टाकलेलं असायचं. आमच्या दवाखान्यातल्या आयाबाईच्या अंगावर शेणाची पाटी ओतली, त्या दिवसापासून ती आली नाही. बाईंना निनावी पत्रं यायची. त्या एक ओळ वाचायच्या आणि फाडायच्या. एकदा मी तुकडे जोडून वाचलं. परत तसं केलं नाही.

बाळंतपणाला येणाऱ्या बायकाही त्यातून सुटत नव्हत्या. कुणाच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं ना. मग मी एक युक्ती काढली. आलेली बाई कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी थांबायची. मी पांढऱ्या साडीत खाली उतरायची, तिचा दंड धरायची आणि बाकापुढून चालता चालता मोठ्यानं म्हणायची, "चल गं वहिनी, सातवा लागला तरी इंजेक्शन घेतलं न्हाईस, बाई रागावत्यात बघ." बाकावरचे गोंधळून गप्प व्हायचे. वर आल्यावर ती बाई पदराआडून हसायची, मीही हसायची. त्या दिवसांत मला माझाच अभिमान वाटायचा. कुणाला जिन्यावरून परत जाऊ दिलं नाही, असं मी घरी सांगायची.

अशात एका सोमवारी गगनबावड्याकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली. मीच त्यांना वर आणलं. सून हौसा, बावीस-तेवीसची, दीड वर्षापूर्वी विधवा झालेली. तिला मूलबाळ नव्हतं. खाली मान घालून बसली होती. सगळं म्हातारीच बोलली.

"तिसरा सरत आलाय. कुणाचं ईचारू नगा."

बाई म्हणाल्या, "मी विचारत नाही. पण हिच्या मनाविरुद्ध झालं असेल तर तेवढं मला कळलं पाहिजे."

म्हातारीनं सुनेकडं बघितलं. मग म्हणाली, "घरातलाच हाय. माझाच थोरला. म्या बाजाराला गेल्ती." आणि पदर तोंडात कोंबून बसली. हौसा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. सुनेनं सासूला समजवावं, असं मी आमच्या दवाखान्यात एकदाच बघितलं.

बाईंनी तपासलं. थोडा अशक्तपणा होता, गोळ्या दिल्या आणि गुरुवारी सकाळी बोलावलं. "त्याच्यापुढं उशीर करू नका," असं दोनदा सांगितलं. जिना उतरताना हौसा पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "त्या मानसांच्यातनं पुन्यांदा यायाचं व्हय?"

मी म्हटलं, "तू गिरणीपाशी उभी राहा. मी येते न्यायला. मी आल्याबिगर पाऊल टाकू नकोस."

"नक्की येशीला?"

"नक्की."

मंगळवारी माझा धाकटा भाऊ दवाखान्यात आला. उद्यमनगरात एका कारखान्यात कारकून होता. हातात साप्ताहिकाचा ताजा अंक. त्यात फोटो होता. बाकावरच्या कुणीतरी काढलेला. मी एका बाईचा दंड धरून चालले आहे. तिचं तोंड पदराआड, माझं स्पष्ट. खाली लिहिलं होतं, 'कत्तलखान्याची दलाल'.

भाऊ ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडले असते. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आक्का, आमच्या लेकीला बघायला शनवारी पावणं येत्यात. गारगोटीचं स्थळ हाय, मास्तर हाय मुलगा. एवढं जमू दे. पंधरा दिस खाली दिसू नको. तुज्या पाया पडतो."

मी लग्न केलेलं नव्हतं. ती भाची माझ्याच मांडीवर वाढली होती. मी त्याला काही कबूल केलं नाही. पण मनातल्या मनात हो म्हटलं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

गुरुवारी सकाळी एक अडलेली बाळंतीण आली. बाई तिच्यात गुंतल्या. साडेनऊच्या सुमारास त्यांनी आतून विचारलं, "आल्या का गं त्या?" मी खिडकीशी गेले. दोघी गिरणीपाशी उभ्या होत्या. म्हातारीच्या काखेत गाठोडं. हौसानं निळं लुगडं नेसलं होतं, बहुतेक माहेरचं, ठेवणीतलं. बाकावर त्या दिवशी सात-आठ जण होते आणि एकाच्या गळ्यात कॅमेरा होता.

मी जिन्याच्या तोंडापर्यंत गेले. परत खिडकीशी आले. असं दोन-तीनदा केलं. शेवटी मी पडद्याआड उभी राहिले. म्हातारी मान वर करून खिडक्या न्याहाळत होती. मग बाकावरचा एक जण उठून त्यांच्याकडं गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. म्हातारीनं हात जोडले. त्यानं आणखी दोघांना हाक मारली. कॅमेरावाला पुढं झाला तशी हौसानं तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतरही त्या थांबल्या. भिंतीकडं तोंड करून थांबल्या. मी घड्याळ बघितलं नाही. मग म्हातारीनं तिचा हात धरला आणि दोघी स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या.

बाईंना मी सांगितलं, "आल्याच नाहीत."

पुढच्या गुरुवारी मी पांढरी साडी नेसून सकाळपासून खालीच उभी राहिले. बाकावरचे काय काय बोलले, मी ऐकून घेतलं. कुणी आलं नाही. त्यांच्या गावी जाऊन यावं असं रोज वाटायचं. गाव ठाऊक होतं, एस.टी. होती. गेले नाही. भाचीचं स्थळ मात्र जमलं.

सरकारी दवाखान्यातली माझी एक मैत्रीण बाजारात भेटली, तिनं सांगितलं. गगनबावड्याकडची एक विधवा जीपमधून आणली होती, गावात कुणीतरी काहीतरी केलं होतं, धनुर्वात झालेला. "हौसा नाव," ती म्हणाली. "सासू होती जवळ. काल गेली."

मी भाजी घेतली. घरी आले. भाजी निवडली. त्यानंतरचं मला आठवत नाही.

दोन दिवसांनी साप्ताहिकात आलं : 'कत्तलखान्यात विधवेचा बळी'. ती आमच्या दारात दिसली होती, हाच त्यांचा पुरावा. पुराव्याला फोटोही होता, निळ्या लुगड्यातली पाठमोरी बाई. तिला ज्यांनी दारातून हाकललं, त्यांनीच ती आमच्याकडं मेली म्हणून लिहिलं आणि लोकांनी ते खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जमाव आला. आधी दगड. काचा फुटल्या, आतली तान्ही रडू लागली. मग जिना दणाणला. "रजिस्टर काढा!" अशी आरोळी ऐकली आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. त्या लाल पाठीच्या वहीत केवढ्या बायकांचे संसार होते. मी कपाट उघडलं, रजिस्टर घेतलं आणि वॉर्डात धावले. पण लपवणार कुठं?

तिसऱ्या खाटेवर गंगावेशीतली आनूबाई होती. घरी बारा म्हशी, नवरा गवळी, चौथं बाळंतपण होऊन तीन दिवस झालेले. तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि काही न विचारता गादी उचलली. "घाला हिकडं. आन् पोरगं द्या माज्याजवळ." ती रजिस्टरावर आडवी झाली आणि पोर छातीशी लावलं.

दोघे आत घुसले, खाटांखाली वाकून बघू लागले. एकानं तिच्या गादीला हात घातला मात्र, आनूबाईनं असा आवाज काढला की रस्त्यावर ऐकू गेला असेल. "बाळंतिणीच्या खाटला हात लावतूस व्हय रं मुडद्या? तुजी आय अशीच निजली हुती की न्हाय? लाव हात, लाव की! मालकास्नी सांगून तुज्या दारात म्हशी बांधते बघ!" तो मागं सरला. शिव्या देत दोघे बाहेर गेले. त्या दिवसात मिळालेला तेवढा एकच दिलासा मी जपून ठेवला आहे.

बाहेर बाई होत्या. जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि बाजूला व्हायला तयार नव्हत्या. त्यांना हाताला धरून खाली रस्त्यावर नेलं. एकानं सायकलीच्या दुकानातून काळं ऑइल आणलं होतं. बाईंचा चष्मा काढून कुणीतरी नीट बाजूला ठेवला, हे मला अजून कळत नाही, चष्मा फुटू नये एवढी काळजी घेतली. आणि मग त्यांच्या तोंडाला फासलं. त्या ओरडल्या नाहीत. हातही वर केले नाहीत. समोरच्या घरांच्या खिडक्या एकेक करून लागत गेल्या. त्यातल्या दोन घरांतल्या बायका आमच्या रजिस्टरात होत्या.

मी रॉकेल आणि खोबरेल लावून त्यांचं तोंड पुसलं. ऑइल डाव्या डोळ्यात गेलं होतं. त्या डोळ्यानं पुढं त्यांना नीट दिसलंच नाही.

फौजदार आले ते संध्याकाळी. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, त्या विधवेचं तुमच्याकडं काही झालंच नाही असं तुम्ही म्हणता. मग रजिस्टर दाखवा. विषय मिटला."

बाई म्हणाल्या, "त्यात बाकीच्यांची नावं आहेत. कोर्टाचा हुकूम आणा."

"अहो, तुमच्याच फायद्याचं सांगतोय मी."

"मला कळतंय ते."

फौजदारांनी वही मिटली. "मग तक्रार तरी कशाला देता? पेपरात आणखी येईल." बाईंनी तक्रार दिली. तिचं काही झालं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून सकाळी लवकर जाऊन मी बाईंना गुरुवारचं सगळं सांगितलं. त्या डोळ्यावर पट्टी बांधून बसल्या होत्या. त्यांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाल्या, "मला त्याच दिवशी शंका आली होती. जिन्यावर तुझी चप्पल वाजली नाही." आणि थोड्या वेळानं, "लेबर रूममधून मीही बाहेर येऊन बघितलं नाही. खालचा गलका ऐकूनसुद्धा."

आता एकच माणूस खरं सांगू शकत होतं, ती म्हातारी. पंधरवड्यानं ती आपण होऊनच आली. बाकावर त्या दिवशी कुणी नव्हतं, त्यांचं काम झालं होतं. ती वर आली आणि जमिनीवर बसली. बाईंच्या डोळ्याकडं बघून म्हणाली, "माज्यापायी झालं ह्ये. पर मला साक्ष द्याला सांगू नगा. थोरल्याचं नाव घ्यावं लागंल. त्याला धरून न्हेलं तर त्याची बारकी बारकी पोरं कुणी बघायची? हौसा तर गेली." बाईंनी मान हलवली.

मी तिला पाणी दिलं. तांब्या परत देताना ती माझ्याकडं बघत म्हणाली, "त्या दिशी तुमी खिडकीत हुता न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.

"म्या म्हनलं हौसाला, हायत त्या, येत्यात आता. लई येळ थांबलो आमी."

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती, मारलं असतं, तर मी तिचे पाय धरले असते. ती उठली, पदर सारखा केला आणि गेली.

बाईंनी महिनाभर काढला. मग एक दिवस स्वतः खुर्चीवर चढून भिंतीवरचा परवाना उतरवला. "मला एका डोळ्यानं हे काम करता येणार नाही," त्या म्हणाल्या. कारण तेवढंच नव्हतं. रजिस्टर आम्ही दोघींनी बंबात एकेक पान करून जाळलं. कायद्यात ते बसत नाही. मी ते कबूल करते.

त्यानंतरही मी तिथं बरीच वर्षं नोकरी केली. बाळंतपणं भरपूर झाली. पेढे आले, साड्या आल्या. लोक आमच्याशी पुन्हा चांगले वागू लागले, जणू आम्हीच सुधारलो होतो. साप्ताहिक पुढं बंद पडलं. आनूबाई पुढच्या खेपेलाही आमच्याकडंच आली.

पण लांबच्या खेड्यात बातमी उशिरा पोचते. त्यामुळं त्या बायका येतच राहिल्या. जिन्याशी मी त्यांना भेटायची आणि सांगायची, "इथं आता होत नाही. सरकारी दवाखान्यात जा." काही जायच्या. बऱ्याच जणी ऐकून घाबरायच्या. तिथं गावचं कुणीतरी भेटणार, रांगेत कुणीतरी विचारणार. त्यातल्या किती जणी तिकडं पोचल्या आणि किती जणी गावातल्याच कुणाकडं गेल्या, मला कळायला मार्ग नव्हता.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात एक आली. एकटीच, पायात चप्पल नाही, पाठीशी पोर बांधलेलं. मी ठरलेलं वाक्य सांगितलं. तिनं वाद घातला नाही, रडली नाही. "बरं," म्हणाली. पाठीवरचं पोर सारखं केलं आणि विचारलं, "मग स्टँड कुनीकडं?"

मी तिला हात करून रस्ता दाखवला.